उंबऱ्याआतली सरहद्द

कुवेतमध्ये खासगी कंपनीत किंवा दुकानात नोकरीला जाणाऱ्या परदेशी माणसाचा व्हिसा १८ नंबरचा असतो. घरकामाला जाणाऱ्या बाईचा २० नंबरचा. कडप्पाकडच्या, आंध्रातल्या गोदावरी जिल्ह्यांतल्या, मलबारातल्या किंवा गोव्याच्या साष्टीतल्या बाया त्याला सरळ ‘खादिम व्हिसा’ म्हणतात. दोन आकड्यांमधला फरक वरवर कचेरीतला वाटतो, पण बाईची पुढची सगळी वर्षं त्यावर ठरतात. २० नंबरच्या व्हिसावर एका माणसाचं नाव असतं. तो तिचा कफील. त्याच्या घरी राहून त्याचंच काम करायचं, या अटीवर तिला देशात राहायला मिळतं. त्याच्या मर्जीविरुद्ध ते घर सोडलं तर नोकरी जातेच, वर तिचं त्या देशात असणंही गुन्हा ठरतं. मुंबईच्या विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसला तेव्हा आपण सरहद्द ओलांडली, असं तिला वाटलेलं असतं. ती सरहद्द तिच्याबरोबर विमानातून येते आणि मालकाच्या दारात उभी राहते. त्या दारातल्या सरहद्दीविषयी हे पुस्तक आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार परदेशात घरकाम करणाऱ्या माणसांची संख्या १ कोटी १५ लाख होती आणि त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश बायका होत्या. देशातल्या देशात काम करणाऱ्या धरल्या, तर याच संघटनेच्या २०२१च्या अहवालात जगभरातला आकडा ७ कोटी ५६ लाखांवर जातो. हे मोजलेले. नोंदीबाहेरच्या किती, हे या धंद्याच्या स्वरूपामुळेच कोणाच्या हाती लागत नाही. बंद दाराआडचं काम, कागदावर वेगळं वय, व्हिजिट व्हिसावर गेलेली बाई. यातलं काहीच शिरगणतीत सापडत नाही.

मराठीत स्थलांतरावर कमी लिहिलं गेलंय असं नाही. कोकणातला चाकरमानी, बीडचा ऊसतोड कामगार, अमेरिकेतला मुलगा आणि त्याच्या फोनची वाट पाहणारे इथले आईवडील आपल्याला चांगले ओळखीचे आहेत. या साहित्यात बाई आहे, पण बहुतेक वेळा ती मागे राहिलेली असते. नवरा मुंबईला, नाहीतर आखातात, आणि ती घर धरून बसलेली. घर सांभाळण्याचंच काम घेऊन ती स्वतः समुद्रापलीकडे निघाली, तर तिच्याकडे कसं पाहायचं याची आपल्याला सवय नाही. त्यामुळे वर्तमानपत्रात ती दोनच वेळा येते, छळ झाल्याची बातमी म्हणून किंवा सुटका झाल्याची बातमी म्हणून. या दोन बातम्यांच्या मधली दहा-वीस वर्षं, पाठवलेला पैसा, बांधलेलं घर, बदललेली धन्याची तीन घरं, तिथे शिकलेली अरबी, हे कुणी विचारत नाही.

ही वाट जुनी आहे. तेलाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी मुंबई आणि कलकत्त्याच्या बंदरांतून आया साहेबांच्या कुटुंबांबरोबर विलायतेला जात होत्या. १८६९ साली सुवेझ कालवा खुला झाला, प्रवासाचे दिवस घटले आणि ही ये-जा वाढली. बोटीवर मुलांना सांभाळायचं, मडमेची दुखणी-खुपणी पाहायची आणि लंडनला उतरलं की काम संपलं. काहींना परतीचं भाडं मिळायचं, काहींना नाही. अनेक आया लंडनच्या रस्त्यांवर अडकून पडल्या. अशांसाठी ऑल्डगेट भागात एक वसतिगृह चालायचं. पुढे लंडन सिटी मिशनने १९०० साली ते हॅकनीतल्या किंग एडवर्ड रोडवर हलवलं. ‘आयाज होम’ हे त्याचं नाव. हिंदुस्थानात परत निघालेलं एखादं कुटुंब सापडेपर्यंत आया तिथे राहायच्या आणि कुणाच्या तरी मुलांना सांभाळत घरी परतायच्या. मालक असेल तरच प्रवास, ही गाठ तेव्हाच पडलेली दिसते. रोझिना व्हिसराम यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे या आया इतिहासात आल्या आणि २०२२ साली त्या घरावर इंग्लिश हेरिटेजची निळी पाटी लागली. मुंबई बंदराचा इतिहास लिहिताना आपण कापूस, अफू आणि गोदी कामगार मोजतो. या बायकाही त्याच धक्क्यावरून गेल्या, याची आठवण आपल्याकडे कुठल्या पाटीवर नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताचं रूप पालटलं. आधी पुरुष गेले, रस्ते आणि इमारती बांधायला. मग ज्यांच्या हाती पैसा आला त्या घरांमध्ये मोलकरीण, स्वयंपाकीण, मुलं सांभाळणारी आणि म्हाताऱ्यांची उठबस करणारी बाई ही प्रतिष्ठेची आणि पुढे गरजेची गोष्ट झाली. या कामाला केरळमधून बाया गेल्या, विशेषतः तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरच्या आणि मलबारातल्या. आंध्रातून कडप्पा आणि दोन्ही गोदावरी जिल्ह्यांतून गेल्या. गोव्यातल्या बायका मुंबईच्या घरांत आया म्हणून पूर्वीपासून होत्याच. त्यांतल्या काहींना पुढचं घर कुवेतमध्ये मिळालं. आखाताचा रस्ता मुंबईवरून जात होता, त्यामुळे भरतीचे दलाल, वैद्यकीय तपासणीची केंद्रं, मुसाफिरखाने आणि प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची कचेरी हे सगळं या शहरात उभं राहिलं. महाराष्ट्राचा या विषयाशी मुख्य संबंध हा आहे. आपल्या गावांतून या कामाला गेलेल्या बायका थोड्या, पण दुसऱ्यांच्या गावांतून निघालेल्या कितीतरी बायकांचा हिंदुस्थानातला शेवटचा मुक्काम मुंबई होता.

याच केरळमधून नर्सेसही गेल्या. त्या गेल्या तर गावात मान वाढला, लग्नाच्या बाजारात भाव आला. घरकामाला गेलेल्या बाईच्या वाट्याला संशय आला. ती तिथे खरंच काय करते, हा प्रश्न तिच्या पैशातून बांधलेल्या घराच्या ओट्यावर बसून विचारला गेला. कमल यांनी २०११ साली काढलेल्या ‘गद्दामा’ या मल्याळी चित्रपटाने तिची हकिकत पडद्यावर आणली. पण तो अपवाद. पुरुषांच्या ‘गल्फ’कथांना केरळात जेवढी जागा मिळाली, तिचा लहानसा तुकडाही या बायकांना मिळाला नाही.

पाठवणाऱ्या देशांची वागणूक हा या क्षेत्रातला सर्वांत बोलका भाग आहे, म्हणून तिथे जरा थांबते. फिलिपिन्सने १९७४च्या कामगार कायद्यापासून माणसं परदेशी पाठवणं हे सरकारी धोरणच केलं आणि १९८२ साली त्यासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा उभारली. १९८८ साली राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी छळाच्या तक्रारींमुळे घरकामगार बायकांच्या बाहेर जाण्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये अशाच बायकांसमोर त्यांना देशाच्या नव्या वीरांगना म्हटलं. बंदीला एकेक देश करत सूट देण्यात आली. १९९५च्या मार्चमध्ये फ्लोर कॉन्टेम्प्लासियोन या घरकामगार बाईला सिंगापूरमध्ये खुनाच्या आरोपावरून फाशी दिली, तेव्हा मनिलात माणसं रस्त्यावर उतरली आणि काही महिन्यांत स्थलांतरितांच्या संरक्षणाचा कायदा आला. श्रीलंकेने १९८५ साली परदेशी रोजगार ब्यूरो काढला, बायकांच्या पैशावर परकीय चलनाची गंगाजळी भरली आणि २०१३ साली लहान मुलांच्या आयांना अडवणारा ‘कौटुंबिक पार्श्वभूमी अहवाल’ आणला. आई बाहेर गेली की मुलं बिघडतात, हे कारण. २०२२ साली तिजोरीत डॉलर उरले नाहीत, तेव्हा हीच अट सैल झाली. मुलांची काळजी तेव्हा कुठे गेली, हे कुणी सांगितलं नाही.

नेपाळने १९९८ साली कुवेतमध्ये एका नेपाळी बाईच्या मृत्यूनंतर बंदी घातली. पुढे ती उठवली. २०१२ साली ३० वर्षांखालच्या बायकांना पुन्हा अडवलं आणि २०१७ साली आखातातल्या घरकामावर पुन्हा सरसकट बंदी आली. बाया जायच्या थांबल्या नाहीत. भारत-नेपाळ सीमा खुली आहे, म्हणून त्या दिल्ली-मुंबईला येऊन तिथून विमानात बसू लागल्या. बंदीने रस्ता फक्त लांब, महाग आणि दलालाच्या हाती गेलेला केला.

आपला नियमही याच जातीचा आहे. १९८३चा एमिग्रेशन कायदा मुख्यतः भरती करणाऱ्या दलालांना आवर घालण्यासाठी झाला. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टला ‘ईसीआर’, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, असा शेरा लागतो आणि १८ देशांत नोकरीला जायचं तर त्याला प्रोटेक्टरची मंजुरी लागते. अशा पासपोर्टवर घरकामाला जाणारी बाई ३० वर्षांची पूर्ण हवी. पुढे भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी, असाही नियम आला, म्हणजे केरळची नॉर्का रूट्स आणि ओडेपेक, तमिळनाडूचं ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशन अशा मोजक्या संस्था. हेतू चांगला असेल. पण चोवीस वर्षांची, दोन मुलांची, कर्ज डोक्यावर असलेली बाई तीस वर्षांची होईपर्यंत कर्ज थांबत नाही. मग दलाल पासपोर्टवरचं वय वाढवून देतो किंवा व्हिजिट व्हिसा काढतो, विमानतळावरच्या खिडकीतून तिला पार करण्याचे वेगळे पैसे घेतो. धंद्यात याला ‘पुशिंग’ म्हणतात. तिथे पोचल्यावर पगार थकला, मार बसला, तर सरकारी नोंदीत तिचं नाव नसतं, करार नसतो आणि दूतावासात गेली तर तिला पहिल्यांदा आपण इथे कशी आलो, याचंच उत्तर द्यावं लागतं. तिला वाचवण्यासाठी केलेला नियम तिच्या हातातला एकुलता एक कागद काढून घेतो.

वीरांगना म्हणून पाठवणारं सरकार आणि अजाण म्हणून अडवणारं सरकार यांच्यात फार अंतर आहे, असं मला वाटत नाही. दोघांच्याही मनात ती स्वतःचा निर्णय घेणारी प्रौढ कामगार नसते. ती पैसे पाठवणारं साधन असते, नाहीतर राखायची अब्रू. पुरुषाच्या स्थलांतराचं वय कुणी ३० ठरवलेलं नाही, आणि बांधकामावरून पडून मेलेल्या पुरुषांच्या शवपेट्या कमी आलेल्या नाहीत.

आता ज्या देशांत ती जाते ते देश. आखाती देश, जॉर्डन आणि लेबनॉनमधली कफाला पद्धत प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रूपात आहे, पण गाभा एकच. परदेशी माणसाच्या राहण्याची जबाबदारी आणि परवानगी एका नागरिकाच्या हाती द्यायची. सरकारने आपलं सीमारक्षणाचं काम घरमालकाला वाटून दिलं आहे. म्हणून तो पासपोर्ट कपाटात ठेवतो, रात्री बाहेरून कडी लावतो, आणि ती पळाली तर पोलिसांत ‘फरार’ म्हणून नोंद करतो. भरतीसाठी त्याने दलालाला मोठी रक्कम मोजलेली असते, ती बुडण्याची भीतीही त्याला असते. या सगळ्यात तो माणूस दुष्टच असला पाहिजे असं नाही. बऱ्यापैकी सरळ माणसालाही तुरुंगाधिकारी करण्याची ताकद त्या व्यवस्थेत आहे. छळाच्या बातम्या वाचून आपण क्रूर मालकिणीवर थांबतो, पण ज्या घरात मार नाही, जेवण पोटभर आहे, पगार वेळेवर आहे, तिथेही ती बाई मालकाच्या सहीशिवाय काम बदलू शकत नसेल, तर तिचं बरं चालणं हे मालकाच्या स्वभावावर सोडलेलं आहे. या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर ते हे.

कायदे बदलले नाहीत, असं म्हणणं खोटं होईल. कुवेतने २०१५ साली ६८ क्रमांकाचा कायदा केला. दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याची सुटी, पगारी वार्षिक रजा, पासपोर्ट ठेवून घ्यायला मनाई. कतार आणि संयुक्त अरब अमिरातीने २०१७ साली घरकामगारांसाठी कायदे केले. कतारने २०२० साली देश सोडायला आणि नोकरी बदलायला लागणारी मालकाची परवानगी काढून टाकली, घरकामगारांसाठीही. सौदी अरेबियाने २०२१च्या मार्चमध्ये कामगारांना नोकरी बदलण्याची मोकळीक दिली, मात्र त्यातून घरकामगारांना वगळलं. लेबनॉनचा १९४६चा कामगार कायदा आजही त्यांना कामगार मानत नाही. आणि जिथे कायदा आहे तिथेही प्रश्न उरतो, की निरीक्षक आत जाणार कसा? कारखान्यात तो कधीही शिरू शकतो. घर म्हणजे खासगी जागा, तिची अब्रू सगळ्या कायद्यांच्या वर.

हे फक्त अरब देशांचं दुखणं आहे, असं समजणाऱ्या वाचकाने हाँगकाँगकडे पाहावं. तिथे लिखित करार आहे, किमान वेतन आहे, आठवड्याची सुटी आहे, न्यायालयं नावाजलेली आहेत. तरी १९८७पासून नियम असा, की करार मोडला तर दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडायचं. २००३पासून मालकाच्या घरीच राहणं सक्तीचं. इतर परदेशी माणसांना तिथे सात वर्षं राहिल्यावर कायमचं राहण्याचा हक्क मागता येतो. एका फिलिपिनो बाईने वीस वर्षांहून जास्त काळ राहिल्यावर तो मागितला, तेव्हा २०१३च्या मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घरकामगाराचं राहणं हे कायद्याच्या अर्थाने ‘सर्वसाधारण राहणं’ नव्हे. सिंगापूरमध्ये दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी होते आणि बाई गरोदर निघाली की परवाना रद्द होऊन तिला परत जावं लागतं. तिथे आठवड्याची सुटी बंधनकारक व्हायला २०१३ साल उजाडलं. श्रीमंत, कायद्याने चालणारी शहरं आहेत ही. बाईचे हात हवेत, तिचं वय होणं, तिचं मूल, तिचं नागरिकत्व नको, हा सौदा तिथे नीट टाइप केलेल्या करारात आहे.

अभ्यासकांनी या विषयाकडे कसं पाहिलं, याचीही ओळख नव्या वाचकाला हवी. १९७०च्या दशकापर्यंत स्थलांतराचा सिद्धांत पुरुषाचा होता, बायको म्हणजे त्याच्या मागून जाणारी. मिर्याना मोरोक्वासिच यांनी १९८४ साली ‘इंटरनॅशनल मायग्रेशन रिव्ह्यू’च्या विशेषांकातून हे गृहीतक मोडलं. त्याआधीच, १९७२च्या सुमारास, मारियारोजा दाल्ला कोस्ता आणि सेल्मा जेम्स यांनी घरकामाला वेतन मागणारी मांडणी केली होती. घरात फुकट होणाऱ्या श्रमावर कारखाना उभा असतो, हा त्यांचा मुद्दा. पुढच्या सगळ्या लेखनाखाली तो जमिनीसारखा आहे. हा पहिला प्रवाह.

दुसरा प्रवाह देखभालीच्या अभ्यासाचा. २००० साली आर्ली हॉक्शील्ड यांनी ‘देखभालीची जागतिक साखळी’ ही कल्पना मांडली आणि २००१ साली ऱ्हासेल पारेन्यास यांनी रोम आणि लॉस एंजेलिसमधल्या फिलिपिनो बायकांच्या अभ्यासातून तिला आधार दिला. श्रीमंत देशातली बाई नोकरीला जाते, तिचं मूल मनिलाहून आलेली बाई सांभाळते, आणि त्या बाईचं मूल गावाकडची मोठी मुलगी किंवा आणखी गरीब बाई. साखळीच्या शेवटच्या कडीला कुणीच उरत नाही. ही कल्पना इतकी पटकन समजते, की तिने बाकीचं बरंच झाकलं. मला तिच्याविषयी शंका आहेत. एक तर तिच्यातून बाप गायब आहे. नवऱ्याने मूल का सांभाळू नये, हा प्रश्न साखळी विचारतच नाही. दुसरं, जाणाऱ्या सगळ्याच बायका लहान मुलांच्या आया नसतात. विधवा असतात, टाकलेल्या असतात, लग्न नको म्हणून निघालेल्याही असतात. तिसरं, फरशी पुसणं आणि पडदे धुणं हे ‘देखभाल’ या मऊ शब्दात बसत नाही. ब्रिजेट अँडरसन यांनी २०००च्या आपल्या पुस्तकात नेमकं हे दाखवलं, की घाणीचं काम दुसऱ्यावर टाकणं हा दर्जा दाखवण्याचा भाग आहे, आणि त्याला धार देतो तो व्हिसाचा कायदा. मी स्वतः या बाजूला झुकते, हे वाचकाने लक्षात ठेवावं.

तिसरा प्रवाह मानवी तस्करीविरोधाचा. २०००च्या पालेर्मो करारानंतर पैसा आणि लक्ष तिकडे वळलं. सुटका करणाऱ्या संस्थांनी खऱ्या बायकांना खऱ्या संकटातून बाहेर काढलं, ते काम मोठं आहे. पण या चष्म्यातून बाई बळी म्हणूनच दिसते आणि उपाय म्हणून तिला घरी परत पाठवणं एवढंच सुचतं. थकलेला पगार तिथेच राहतो.

चौथा प्रवाह मला सर्वांत जवळचा, कारण त्यात बायका बोलतात. निकोल कॉन्स्टेबल यांनी १९९७ साली हाँगकाँगच्या फिलिपिनो बायकांवर लिहिलं. मिशेल गॅम्बर्ड यांनी २००० साली श्रीलंकेतल्या एका गावात राहून, बायको आखातात गेल्यावर पुरुषांच्या पुरुषपणाचं काय झालं ते टिपलं. अतिया अहमद यांनी कुवेतमधल्या दक्षिण आशियाई घरकामगार बायकांच्या इस्लाम स्वीकारण्याचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. जबरदस्ती किंवा स्वार्थ या दोन सोप्या उत्तरांपलीकडे, रोजच्या सहवासात माणूस कसा हळूहळू बदलतो हे तिथे कळतं. आपल्याकडे प्रवीणा कोडोत यांनी केरळ आणि आंध्रातून जाणाऱ्या बायकांवर, तर बिंदुलक्ष्मी पट्टडत यांनी अमिरातीत गेलेल्या केरळी बायकांवर काम केलं आहे. आपलं सरकारी संरक्षण बायकांना बेकायदा वाटेवर कसं ढकलतं, हे या कामातून सर्वांत स्पष्ट होतं.

बायकांनी स्वतः काय केलं, हा भाग अभ्यासाच्या पुस्तकांत नेहमी शेवटी येतो. हाँगकाँगच्या सेंट्रल भागात दर रविवारी हजारो बायका पुलांखाली, बँकांच्या इमारतींसमोर पुठ्ठे अंथरून बसतात. जेवतात, पत्ते खेळतात, वकिलाशी बोलतात, मोर्चा काढतात. घर नसलेल्या सुटीतून संघटना कशा निघतात, ते तिथे दिसतं. लेबनॉनमध्ये २०१५ साली परदेशी घरकामगारांनी युनियन काढली. सरकारने मान्यता नाकारली, तरी ती काढली. आणि पुणे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी पगारवाढ आणि सुटीसाठी अचानक काम बंद केलं आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. सरहद्द न ओलांडलेल्या या बायकांचा इथे संबंध असा, की १६ जून २०११ रोजी जिनिव्हात घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार ३९६ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाला, तो अशाच शहरोशहरीच्या संघटनांच्या रेट्यामुळे. १९८५पासून भारतात घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ बांधणाऱ्या आणि मुंबईत राहून काम केलेल्या सिस्टर जीन देवोस यांचा त्या वाटचालीत वाटा होता. २०१३च्या ऑक्टोबरमध्ये मोंटेव्हिडिओला घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. तो बायकाच चालवतात. भारताने जिनिव्हात कराराच्या बाजूने मत दिलं, पण आजवर तो स्वीकारलेला नाही.

हे पुस्तक आत्ताच का, याला कारणं आहेत. २०२०च्या उन्हाळ्यात बैरूतमध्ये मालकांनी इथिओपियन बायकांना त्यांच्या वकिलातीच्या दारात, पगार न देता, बॅगांसकट आणून सोडलं. साथ आणि आर्थिक पडझड यांच्यात सर्वांत आधी कोण रस्त्यावर येतं, ते जगाने पाहिलं. युरोप, जपान, चीन म्हातारे होत आहेत आणि म्हाताऱ्यांना उचलणारे, धुणारे, भरवणारे हात कुठून आणायचे, हा प्रश्न त्यांच्या सरकारांपुढे आहे. भारताला तरुण मनुष्यबळ पुरवणारा देश व्हायचं आहे आणि १९८३च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचे मसुदे २०१९ आणि २०२१ साली निघाले. त्यांत या बाईची जागा कोणती, यावर चर्चा आत्ता व्हायला हवी. आपल्या घरातही हिशेब बाकी आहे. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण देशभराचा कायदा नाही. २०२५च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला घरकामगारांच्या संरक्षणाच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमायला सांगितलं. कुवेतच्या मालकाने आठवड्याची सुटी द्यावी असं म्हणताना, आपल्या घरी येणाऱ्या बाईच्या खाड्याचे पैसे आपण कापतो का, याचं उत्तर द्यावं लागतं. ‘घरातलीच आहे ती’ हे वाक्य दोन्हीकडे पगाराऐवजी वापरलं जातं.

या संग्रहात अभ्यासकांचे लेख आहेत आणि बायकांची स्वतःची सांगणी आहेत, तेलुगू, मल्याळी, कोंकणी आणि नेपाळीतून मराठीत आणलेली. मांडणी देशांनुसार केलेली नाही. बाईचा प्रवास ज्या क्रमाने होतो, कर्ज, दलाल, विमानतळ, घर, सुटका किंवा दुसरं घर, आणि परतणं, त्या क्रमाने मजकूर लावला आहे. छळाच्या हकिकती यात आहेत, पण त्या वेगळ्या काढून एकत्र ठेवलेल्या नाहीत, कारण त्या तशा घडत नाहीत. चांगल्या वर्षांच्या आगेमागे घडतात. परतण्याच्या भागाला आम्ही मुद्दाम जास्त पानं दिली. पंचावन्न-साठीला गुडघे आणि पाठ गेलेली बाई परत येते तेव्हा तिच्याकडे भविष्यनिर्वाह निधी नसतो, पेन्शन नसते, इतकी वर्षं काम केल्याचा दाखलाही नसतो. पाठवलेल्या पैशातून झालेलं घर पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर असतं. यावर सरकारने काय करावं, याच्या ठोस सूचना शेवटच्या दोन लेखांत आहेत आणि त्यांच्याशी आम्हा सगळ्यांचं एकमत नाही. वयाची अट पूर्ण काढावी की दलालांवर पकड बसेपर्यंत ठेवावी, यावर संपादनाच्या बैठकांत वाद झाला. दोन्ही बाजू छापल्या आहेत.

सांगणाऱ्या बायकांची नावं बदलली आहेत आणि गावांऐवजी जिल्हे दिले आहेत, कारण यांतल्या काहींचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, अजून चालू आहे आणि काहींना पुन्हा जायचं आहे. पगाराचे, दलालीचे आणि व्याजाचे आकडे मात्र त्यांनी सांगितले तसेच ठेवले आहेत. रुपयांत बदललेले नाहीत, दिनार आणि रियालमध्येच आहेत. त्या स्वतः तसाच हिशेब करतात.